काटकसर कुणाच्या ताटातून?

(पुलगाव येथे बचत गटांतल्या बायकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ तसाच ठेवला आहे.)



मला विषय दिला आहे ‘घरखर्चात बचत कशी करावी’. खरं म्हणजे हा विषय तुम्हीच मला शिकवावा असा आहे. अर्ध्या पावशेर तेलात आठवडा काढणं, एका कांद्यात दोन भाज्या करणं, मोठ्या मुलीचा फ्रॉक धाकटीला, तिचा झाला की त्याचं पायपुसणं, हे कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत. मी समाजकार्याची एम.ए. झाले, पण ही विद्या मला गावागावांतल्या बायकांनीच दाखवली. तेव्हा मी आज नुसत्या युक्त्या सांगत नाही. त्या सांगेनच, पण आधी एक प्रश्न विचारते. आपण जी बचत करतो, ती नेमकी कुणाच्या वाट्यातून होते?

पुलगावचंच बघा. कापसाच्या भागातलं हे गाव. इथली कापड गिरणी १८८९ साली उभी राहिली, कित्येक घरांच्या चुली तिच्या पगारावर पेटल्या, आणि ती बंद पडली. आर्वीला जाणारी छोटी गाडी गेली. आज कुणी दारूगोळा भांडारात कंत्राटावर, कुणी शेतात रोजानं, कुणी धुणीभांडी, कुणी शिलाई. दर महिन्याला ठरलेली रक्कम येते अशी घरं या मांडवात किती असतील? मिळकत वरखाली होते, पण पोट रोज त्याच वेळी भूक मागतं. मधलं अंतर भरून काढायचं काम कुणाकडे येतं? बाईकडे.

एका घराची वही

आपण एक घर धरू. नवरा-बायको, सासू, दोन मुलं. दोघांची मिळून महिन्याची मिळकत ११,००० रुपये. आता खर्च लिहू. किराणा ३,२००. भाजी आणि दूध १,२००. गॅस ९००. वीज ६००. मुलांची शाळा, वह्या, शिकवणी ८००. दवाखाना ७००. मोबाईलचे रिचार्ज ६००. खर्रा, दोन पुड्या रोज, पुडी वीस रुपयांची धरली तर १,२००. आणि कर्जाचे हप्ते २,६००. करा बेरीज. ११,८०० होतात. म्हणजे आठशे रुपये कमी पडले.

आता खरं सांगा, आपला हात वहीतल्या कुठल्या ओळीवर जातो? भाजी-दुधाच्या. आधी दूध अर्ध्यावर येतं, मग भाजी एक वेळ होते. मग बाई सगळ्यांना वाढून झाल्यावर पातेल्याच्या तळाशी राहिलेल्या वरणात भाकर कुस्करून खाते आणि म्हणते, मला भूकच नव्हती. खर्रा आणि हप्ते या दोन ओळी मिळून ३,८०० रुपये होतात, मिळकतीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त. त्यांना मात्र हात लागत नाही. मोरीला बोळा आणि दरवाजा उघडा, अशी ही काटकसर आहे.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी असल्याचं आढळलं. म्हणजे इथे बसलेल्या दोघींपैकी एक. चक्कर येते, धाप लागते, पायात गोळे येतात. आपण म्हणतो वय झालं. वय नाही झालं बाई, वाटा कमी झाला. आणि मग टॉनिकच्या बाटलीला पैसे जातात. दुधातून वाचवलेले दोनशे रुपये औषधाच्या दुकानात चारशे होऊन जातात.

म्हणून पहिला नियम. बाईच्या आणि मुलीच्या ताटातून, मुलीच्या शाळेतून आणि दुखण्याच्या उपचारातून जी कपात होते, तिला बचत म्हणायचं नाही. ते आपल्याच अंगावरचं कर्ज आहे.

स्वयंपाकघरात काय करता येईल

आता युक्त्या. डाळ, हरभरा, मटकी शिजवण्याआधी भिजवा. डाळीला अर्धा तास पुरे, कडधान्याला रात्रभर. कुकरला शिटी आली की आच बारीक करा, मोठ्या आचेवर पाण्याची वाफ होते, डाळ काही लवकर शिजत नाही. भांड्यावर झाकण ठेवा. भात तीन हिश्शे शिजला की उतरवून जुन्या गोधडीत किंवा गवत भरलेल्या पेटीत घट्ट झाकून ठेवा, उरलेला तो आपल्याच उष्णतेवर शिजतो. आपल्या वर्ध्यात १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला. जे. सी. कुमारप्पा तिथं बसून चुलीचा, घाण्याचा, जात्याचा विचार करत होते. बाईचं सरपण आणि बाईचा धूर हासुद्धा अर्थशास्त्राचा विषय आहे, हे या जिल्ह्याला नव्वद वर्षांपूर्वी समजलेलं आहे. तेव्हा आपण चुलीबद्दल बोलायला लाजू नये.

खाण्याचं सांगते. स्वस्त आणि कसदार असं पुष्कळ आपल्या भागातच आहे. जवसाची चटणी, ज्वारीची भाकर, अंबाडी, घोळ, चिवळ, पावसाळ्यातला तरोटा, शेंगदाणा-गूळ. पोरांच्या हातात पाच रुपयांचं कुरकुरीत पाकीट रोज दोनदा गेलं तर महिन्याला तीनशे रुपये झाले. एवढ्यात अंडी येतात, फुटाणे येतात. पालेभाजीवर लिंबू पिळा, म्हणजे त्यातलं लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा घेऊ नका, तो लोह अंगी लागू देत नाही. हे सगळं फुकटचं आहे.

आणखी एक गोष्ट जिवाला लागते. आपण तूर पिकवतो, ती सगळी विकतो आणि डाळ दुकानातून आणतो. सोयाबीन पिकवतो आणि तेलाचं पाकीट विकत घेतो. घरची तूर असेल तर वर्षाच्या डाळीपुरती आधी बाजूला काढा, मग बाजार दाखवा. क्विंटलभर तुरीची सत्तर किलोच्या आसपास डाळ पडते. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं छोटी डाळ मिल तयार केली आहे, गटानं मिळून ती चालवता येते. ज्यांच्याकडे शेती नाही त्यांनी आठ-दहा घरांनी मिळून हंगामात तूर घ्यावी. सुटी पाव किलो डाळ नेहमी महाग पडते. गरीब माणूस थोडं थोडं घेतो, म्हणून त्याला जास्त भाव पडतो. एकत्र घेतलं की हा भुर्दंड टळतो.

विजेचं थोडक्यात. साठ वॅटचा जुना पिवळा बल्ब रोज पाच तास लावला तर महिन्याला ९ युनिट जातात. तेवढ्याच उजेडाच्या नऊ वॅटच्या एलईडी दिव्याला दीड युनिटही लागत नाही. आणि बिल नीट वाचा. घरगुती वापरात शंभर युनिटपर्यंत एक दर असतो, शंभराच्या पुढच्या युनिटांना तो दुपटीच्या आसपास जातो. तुमचा वापर एकशेदहा-एकशेवीस असेल तर ती वरची दहा-वीस युनिटंच आधी कमी करा, कारण तीच सगळ्यात महाग.

हक्काचं आहे ते सोडू नका

आपल्या हक्काचं जे येतं, ते पूर्ण घेणं हीसुद्धा बचत आहे. अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो धान्य, अंत्योदयला कार्डावर ३५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. पाच माणसांचं पंचवीस किलो होतं. ते पंचवीसच मिळालं का? यंत्रातून निघणारी पावती मागून घ्या, घरी आल्यावर वजन करा. सुनेचं, नव्या बाळाचं नाव कार्डावर चढवा. सरकारी दवाखान्यात १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी, औषध मोफत झालं आहे, मोठ्या आजाराला महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. एस.टी.त मार्च २०२३ पासून आपल्याला अर्धं तिकीट आहे. वर्ध्याला जायचं तर काळीपिवळीत चढण्याआधी एस.टी.ची वेळ विचारा.

आणि दुखण्याची तरतूद सुखात करावी लागते. आपल्या सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयानं खेड्यांसाठी आरोग्य विम्याची योजना काढली, तेव्हा लोकांनी वर्गणी ज्वारीच्या रूपात दिली. सुगीत घरात दाणा असतो तेव्हा द्यायचं, आणि आजार आला की उपचार मिळायचा. रोख पैसा नाही म्हणून हात बांधून बसायचं नाही, हा त्यातला धडा. आज बँकेत वर्षाला २० रुपयांत अपघात विमा मिळतो. २० नोव्हेंबर २०१८ ला इथं जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट झाला, त्यात कंत्राटी मजूर गेले, हे आपण विसरलो नाही. ज्या घरातला माणूस जोखमीच्या कामावर जातो त्या घरानं हे वीस रुपये वाचवू नयेत.

व्याजाचं गणित

आता सगळ्यात मोठ्या ओळीकडे या. कर्ज. सावकार म्हणतो शेकडा पाच. ऐकायला पाचच वाटतात. पण ते महिन्याचे आहेत. दहा हजारांना महिन्याला पाचशे, वर्षाला सहा हजार, आणि मुद्दल जिथल्या तिथं. दुसरा येतो, दहा हजार देतो, बारा महिने हजार-हजार भरायचे. आपण म्हणतो दोन हजारच व्याज, वीस टक्के. पण दहा हजार वर्षभर तुमच्याकडे राहिले कुठे? दर महिन्याला तुम्ही परत करत गेलात. नीट हिशोब केला तर हा दर वर्षाला पस्तीस टक्क्यांच्या आसपास पडतो. म्हणून कर्ज घेताना हप्ता विचारू नका. एकूण किती परत द्यायचे ते विचारा, आणि कागदावर मागा.

कायदाही माहीत असू द्या. महाराष्ट्राचा सावकारी कायदा २०१४ चा आहे. परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे, तक्रार सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे करता येते. मायक्रोफायनान्ससाठी रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्ये नियम केले. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मिळकतीच्या निम्म्याहून जास्त होऊ नयेत. वसुलीवाल्यानं सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करायचा नाही, धमकी द्यायची नाही, नातेवाइकांना त्रास द्यायचा नाही. हप्ता चुकला म्हणजे बाईची अब्रू गेली, असं नसतं. तो पैशाचा व्यवहार आहे.

बचत गट याच्याचसाठी आहेत. नाबार्डनं १९९२ साली गटांना बँकेशी जोडायला सुरुवात केली. गटातून शेकडा दोननं घेतलं तरी ते व्याज गटातच राहतं, ते आपलंच. पण गटाचं कर्ज कुणाच्या नावावर आणि वापरतं कोण, हेही विचारायला हवं. बाईच्या नावावर कर्ज, गाडी नवऱ्याची, आणि हप्त्यासाठी धुणीभांडी बाईची, असं असेल तर तो गट बाईचा राहिला नाही.

खर्ऱ्याचं आणि दारूचं मी मुद्दाम शेवटी घेते. आपल्या जिल्ह्यात दारूबंदी येऊन पन्नासच्या आसपास वर्षं झाली, तरी ती कुठं मिळते हे शेंबडं पोरही सांगेल. दोन पुड्या खर्ऱ्याचे महिन्याला १,२००, वर्षाला १४,४००. वर तोंडाच्या कर्करोगाची भीती. मागे उभे असलेले भाऊ हसताहेत. भाऊ, हसू नका. बायकोनं साठ रुपयांच्या बांगड्या घेतल्या तर घरात हिशोब होतो. हा १४,४०० चा हिशोब कुणी विचारला? आणि घरकामाचंही तेच. २०२४ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात घरचं बिनपगारी काम बायका दिवसाला २८९ मिनिटं करतात आणि पुरुष ८८ मिनिटं, असं दिसलं. पापड, वड्या, शिवण घरी केलं की पैसे वाचतात, हे खरं. पण ते पैसे बाईच्या झोपेतून वाचतात. म्हणून काटकसरीचं काम वाढलं तर हातही वाढले पाहिजेत. डाळ निवडायला पुरुषाची बोटं चालतात.

शेवटचं. स्वतःच्या नावावर पैसा ठेवा. २०२४ च्या जुलैपासून लाडक्या बहिणीचे १,५०० ज्यांच्या खात्यात येतात, त्यांचं एटीएम कार्ड कुणाच्या खिशात आहे? पासबुक तुम्हाला वाचता येतं का? त्यातले तीनशे जरी पोस्टाच्या आवर्ती ठेवीत टाकले तर पाच वर्षांत १८,००० मुद्दल जमतं, वर व्याज. अडीअडचणीला ते घरालाच लागतील. पण ते तुमच्या सहीनं निघतील, यात फरक आहे. मारहाण सोसून घरात राहणाऱ्या कितीतरी बायका मला म्हणतात, ताई, बसच्या तिकिटाचे पैसे नव्हते. ज्या बाईच्या नावावर चार पैसे असतात, तिला उंबरठा ओलांडायचा की नाही हे निदान ठरवता येतं.

आता काम देते. पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं एक महिन्याचा खर्च वहीत लिहून आणायचा. लिहिता येत नसेल तिनं पोरीकडून लिहून घ्यायचा. खर्रा, हप्ता, रिचार्ज, सगळं लिहायचं, लपवायचं नाही. मग आपण एकत्र बसून बघू की कात्री कुठल्या ओळीवर चालवायची. आणि ती वही घरी नवऱ्यासमोर, सासूसमोर उघडी ठेवा. घर सगळ्यांचं आहे, तर काटकसरही सगळ्यांची असू द्या. आज रात्रीपासून एवढं करा की सगळ्यांबरोबर जेवायला बसा, आणि तुमचं ताट आधी वाढून घ्या.