ठिपक्यांचा हिशेब



इंदापूर तालुक्यात, भिगवणजवळ उजनीच्या फुगवट्यावर उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांचे चित्र संगणकावर काढले, तर छपाईसाठी ते किती ठिपक्यांचे असावे? आम्ही म्हणतो, आधी पाहणाऱ्याचे अंतर मोजा. हातात धरून पाहायच्या 18 बाय 12 इंची चित्राला इंचास 300 ठिपके हवेत. म्हणजे 5400 गुणिले 3600. बारामतीच्या रस्त्यावरचा 15 बाय 10 फुटी फलक दुरून पाहतात. त्याला इंचास 30 पुरतात. बेरीज तीच! मात्र मोबाइलवरून धाडताना आकसलेले चित्र मागाहून ताणले, तर ठिपके वाढतात, तपशील वाढत नाही. पिसाची हरवलेली रेघ छापखाना कोठून आणणार? म्हणून चित्रकाराने पहिली रेघ ओढण्यापूर्वीच छपाईचे माप ठरवावे, आणि मूळ चित्र जिवापाड जपावे.