मशीन बिघडलं की मेस्त्री कुठे शोधायचा?

(न्यू जर्सीतील आयसेलिन येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



ओक ट्री रोडवर साड्या, दागिने आणि मिठाई घ्यायला लांबलांबून माणसं येतात. त्यांतलीच काही जण पुढे आमच्याकडे, म्हणजे फ्रेम करणाऱ्यांकडे येतात. कुणाला आजीची पैठणी काचेआड नीट ठेवायची असते. कुणी डहाणूहून आणलेलं वारली चित्र गुंडाळी करून आणलेलं असतं. आणि कुणाला वडिलांचा फोटो हवा असतो, तोही तेराव्याच्या आत. या शेवटच्या कामाला तारीख वाढवून मागता येत नाही. अशाच वेळी जोडणीचं मशीन खिळा अर्ध्यावर सोडतं, आणि मग दुकानदार फोन घेऊन बसतो: फ्रेमिंगच्या मशीनचा मेस्त्री कुठे मिळेल?

मला आज एकच गोष्ट सांगायची आहे. असा मेस्त्री शोधू नका, तो बहुधा मिळणार नाही. फ्रेमची दुकानं आधीच थोडी, त्यात त्यांच्या मशीनवर पोट चालवणारा माणूस गावोगाव कुठून असणार? पण हवेच्या यंत्रांचा माणूस इथे मिळतो. मोटरवाला मिळतो, पात्यांना धार लावणारा मिळतो, लोखंड हजारांश इंचापर्यंत घासून देणारी मशीन शॉप मिळते. बिघाड यांतल्या कुणाच्या हद्दीतला आहे, एवढं मात्र दुकानदाराला ओळखता आलं पाहिजे. ते काम दुसरा कोणी करून देत नाही.

यंत्र आणि मेस्त्री यांची ही ताटातूट जुनी आहे. ज्यांच्या देवदेवतांच्या चित्रांमुळे महाराष्ट्रातल्या घराघरांत तसबिरी लागल्या, त्या राजा रविवर्म्यांनी 1894 साली मुंबईत छापखाना काढला. यंत्रं जर्मनीची होती, म्हणून ती चालवणारी माणसंही जर्मनीहून आणावी लागली. त्यांतले फ्रिट्झ श्लायशर इथलेच झाले. छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेल्यावर पुढे तो त्यांनीच विकत घेतला. दादासाहेब फाळक्यांनी दुसरी वाट धरली. 1912 मध्ये ते लंडनला गेले, विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मची यंत्रं घेतली, आणि मुंबईत सोबतच्या आराखड्यांवरून ती स्वतः उभी केली. फाळक्यांचा आधार होता तो आराखडा. आपल्यापैकी किती जणांनी मशीनसोबत आलेलं पुस्तक जपून ठेवलंय?

आपण बसलोय तिथून मेन्लो पार्क गाडीने काही मिनिटांवर आहे. 1876 साली एडिसनने तिथे प्रयोगशाळा मांडली तेव्हा शेजारी यंत्रशाळाही मांडली. 1877 चा पहिला फोनोग्राफ घडवला तो तिथल्या जॉन क्रुझी या स्विस कारागिराने, एडिसनच्या एका रेखाटनावरून. काय हवंय ते कागदावर नेमकं काढून दिलं, तर चांगला कारागीर पूर्वी कधी न पाहिलेली वस्तूही करून देतो. मेस्त्रीशी बोलताना मी ही गोष्ट कायम ध्यानात ठेवतो.

आता दुकानात शिरू. सगळ्यात जास्त तक्रार कोपऱ्याची. कोपरा जुळत नाही, फट दिसते. बहुतेक जण फट भरायची पुट्टी काढतात आणि काम पुढे ढकलतात. तसं करू नका, फटीकडे बघा. चौकटीला आठ काप असतात. प्रत्येक कापात पाव अंशाची चूक असली, तर चौथा कोपरा बंद करताना ती दोन अंश होते. दोन इंच रुंद पट्टीवर दोन अंश म्हणजे साधारण अडीच मिलिमीटरची फट. एवढी फट आंधळ्यालाही हाताला लागेल, पण मूळची पाव अंशाची चूक गुण्या लावूनही दिसत नाही. म्हणून एकेक कोपरा जोडत गेलात तर पहिले तीन कोपरे सुरेख येतात आणि सगळा दोष शेवटच्या कोपऱ्याच्या, म्हणजे बहुधा जोडणीच्या मशीनच्या, माथी बसतो. ते बिचारं निर्दोष असतं.

परीक्षा अशी करायची. सरळ, न पिळलेली पट्टी घ्या. हे आधी सांगतो, कारण इथल्या हिवाळ्यात हीटर लागला की पट्ट्या सुकतात, उन्हाळ्यात दमट हवेने फुगतात, आणि वाकडी पट्टी कुठल्याही करवतीवर सरळ कापली जात नाही. चार तुकडे कापा, गोंद न लावता टेबलावर मांडा, भोवती पट्टा घालून आवळा. चारही कोपऱ्यांत सारखीच फट आली तर कोन चुकलाय. फट बाहेरच्या टोकाला असेल तर करवत पंचेचाळिसाच्या अलीकडे कापतेय, आतल्या बाजूला असेल तर पलीकडे. फटी कमीजास्त, तिरक्या येत असतील, तर समोरासमोरच्या बाजू सारख्या लांबीच्या नाहीत, म्हणजे मापाचा अडथळा सरकलाय. एका पट्टीत निदान होतं. आणि मेस्त्रीला बोलवायच्या आधी मागच्या टेकूवर बोट फिरवून बघा. तिथे चिकटलेली भुशाची एक चिप कोन बिघडवायला पुरते.

आपल्यापैकी बऱ्याच जणांकडे मोर्सो आहे. डेन्मार्कचं हे पायाने चालवायचं यंत्र, दोन पाती काटकोनात लावलेली, एका घावात दोन्ही बाजूंचा पंचेचाळीस अंश कापणारं. त्यात विजेची भानगड नाही, म्हणून ते दीर्घायुषी आहे. त्याच्या तक्रारी दोनच प्रकारच्या असतात. कापाला लाकडाचे केस दिसू लागले, सोनेरी मुलाम्याचे टवके उडू लागले, की धार गेली. दुसरी तक्रार म्हणजे काच बसते त्या खाचेची पातळ कड तुटणं. तेव्हा धारेला दोष देऊ नका, कडेखालचे आधार पट्टीच्या उंचीला लावलेत का ते पाहा. रुंद पट्टी एका दमात तोडायला जाणं हेही टवक्यांचं कारण असतं. पातं टप्प्याटप्प्याने मागे नेत थोडं थोडं कापायचं. आणि धार लावायला पाती नेहमी जोडीने द्या. एकच पातं घासलं तर दोन्ही पात्यांचं टोक जुळत नाही आणि तळाशी काप फाटतो. ही पाती म्हणजे स्वयंपाकघरातल्या सुऱ्या नव्हेत. कागद कापायच्या मोठ्या यंत्रांची पाती घासणाऱ्याकडेच ती द्या, आणि मूळचा कोन राखून घासतोस ना, असं आधी विचारून घ्या. शक्य असेल तर दुसरी जोडी घेऊन ठेवा. पाती धारेला गेली म्हणून दुकान बंद, ही पाळी कुणावर येऊ नये.

जोडणीच्या मशीनबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. हे मशीन हवेच्या दाबाने खालून व्हीच्या आकाराचा खिळा मारतं. खिळा अर्ध्यावर राहिला, की आपण म्हणतो सिलिंडर गेला. थांबा. आधी खिळा बघा. कठीण लाकडाचा आणि मऊ लाकडाचा खिळा वेगळा असतो. ओकच्या पट्टीत मऊ लाकडाचा खिळा वाकणारच. मग हवा बघा, आणि ती उभ्या उभ्या बघू नका. मशीन स्वस्थ असताना दाबाचा काटा नेहमीच शहाण्यासारखा उभा असतो. पेडल दाबून खिळा मारताना काट्यावर नजर ठेवा. त्या क्षणी काटा धाडकन खाली आला, तर हवा वाटेत कुठेतरी अडतेय: गाळणी तुंबलीय, नळी बारीक आहे किंवा दुमडलीय. सांध्यांवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तर गळती तिथेच. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज सोडा. न्यू जर्सीच्या जुलै-ऑगस्टमध्ये टाकीत किती पाणी जमतं ते पाहिलं की तुम्हालाच पटेल. हे पाणी पुढे गेलं की झडपा गंजतात.

हवा ठीक, खिळा ठीक, तरी खिळा तिरका जातोय? मग खिळा ठोकणारं पातं काढून भिंगाखाली धरा. त्याच्या टोकाचा चिमुकला टवका गेलेला असतो. तो भाग उत्पादकाकडून मागवून आपण स्वतः बसवू शकतो. पण त्याआधी हवेची नळी काढून टाका, आत उरलेली हवाही सोडून द्या. विजेचा प्लग काढला तरी टाकीत हवा असते, आणि पाय चुकून पेडलवर पडला तर तो खिळा लाकूड आणि बोट यांत फरक करत नाही. हे मी कळकळीने सांगतोय.

मॅट कटरची, म्हणजे आपल्या माउंट कापायच्या यंत्राची, कथा छोटी आहे. खिडकीच्या कोपऱ्यात काप वाकडा होऊन आकड्यासारखा वळत असेल, तर पातं जास्त बाहेर आलंय आणि लवतंय. पुठ्ठा कापून खालच्या कागदावर नुसता ओरखडा उठेल, इतकंच ते बाहेर हवं. खालचा पुठ्ठाही बदला, जुन्या चरात पातं घसरतं. काटकोन पाहायचा तर पुठ्ठ्याचा एक काप घ्या, एक तुकडा पालथा करा आणि दोन्ही कडा भिडवा. चूक दुप्पट होऊन समोर येते. काच कापायच्या चाकाबद्दल एवढंच, की ओरखड्यावर पुन्हा ओरखडा मारू नका आणि बोथट चाक बदला. ते पोलादी चाक जवळच्या कनेटिकटमध्ये 1869 साली सॅम्युअल मॉन्स यांनी काढलं. आजही तो भाग स्वस्त आहे, त्यासाठी मेस्त्री नको.

भारतातून यंत्र आणायचा विचार काही जण करतात. तिथली वीज 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झ, इथली 120 व्होल्ट आणि 60 हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. तिथे मिनिटाला 1,440 फेरे घेणारी साधी मोटर इथे 1,725 च्या आसपास फिरते. करवतीचा वेग असा वाढणं धोक्याचं आहे. मोटरच बदला, आणि हे काम मोटरवाल्याचं.

आता प्रत्यक्ष मेस्त्रीकडे. फोन करण्याआधी मशीनच्या पाटीचा फोटो काढा: मॉडेल, अनुक्रमांक, व्होल्ट. बिघाडाचा व्हिडिओ काढा, आवाजासकट. बिघडलेलं काम, म्हणजे फाटलेला कोपरा किंवा वाकलेला खिळा, फेकू नका, त्यावर तारीख लिहून ठेवा. पहिला फोन उत्पादकाला करा. त्यांचा तंत्रज्ञ फोनवर बरंच सांगतो, पण त्याला उत्तरं हवी असतात: केव्हापासून, प्रत्येक वेळी की अधूनमधून, सगळ्याच पट्ट्यांवर की एकाच, त्याआधी काय बदललं? “चालत नाही” एवढंच सांगणाऱ्याला तोही काही देऊ शकत नाही. उत्पादकच बंद पडला असेल, तर तो भाग घेऊन मशीन शॉपमध्ये जा. झिजलेला भाग, त्याचं रेखाटन, आणि तो कुठे बसतो त्याचा फोटो. तिथल्या माणसाला फ्रेमिंग येत नसेल, पण लोखंड येतं.

आणि तेराव्याचा फोटो? तो थांबवू नका. पट्ट्यांचे मोठे पुरवठादार मापाने कापलेली किंवा जोडलेली चौकटही पाठवतात. नफा कमी होतो, शब्द पाळला जातो. वेळ त्याहून कमी असेल तर शेजारच्या फ्रेमवाल्याकडे जा. तो स्पर्धक असला तरी चार काप मारून द्यायला सहसा नाही म्हणत नाही. आपल्यावरही ती वेळ येते तेव्हा नाही म्हणू नये.

शेवटी जुन्या मशीनच्या खरेदीबद्दल. या धंद्यातली जुनी माणसं निवृत्त होताहेत आणि त्यांची मशीनं स्वस्तात निघताहेत. जरूर घ्या, मोर्सोसारखं यंत्र दुसऱ्या पिढीतही उत्तम चालतं. पण आधी उत्पादकाला फोन करून त्या मॉडेलचे भाग मिळतात का ते विचारा. जाताना आपली पट्टी न्या, आठ काप मारा, पट्टा आवळा. आणि जुन्या मालकाला विचारा, इतकी वर्षं हे दुरुस्त कोण करत होतं. ते नाव मिळालं तर पैसे देण्याआधी त्या माणसाला फोन लावा. मशीनमध्ये काय काय बदललंय आणि पुढे काय जाणार आहे, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.