यंत्रांची दवंडी

वाशिंदच्या फलाटावर ध्वनिक्षेपकावरून गाडीची सूचना होते, तेव्हां ती सर्वांच्याच कानीं पडते. परंतु ज्यास ती गाडी गांठावयाची, तोच उठतो. आसनगांवच्या उतारूंस ती ऐकूं जात नाहीं. एकाच कचेरींत परस्परांस जोडलेल्या संगणकांची दवंडीहि अशीच असते.

समजा, एका संगणकावरील प्रोग्रॅमला प्रिंटर शोधावयाचा आहे, पण त्याचा पत्ता ठाऊक नाहीं. मग तो २५५.२५५.२५५.२५५ या पत्त्यावर हांक मारतो. १९८४ सालीं जेफ्री मोगल यांनीं लिहिलेल्या इंटरनेटच्या टिपणांत हा पत्ता नेमून दिला असून, ही हांक स्थानिक जाळ्याबाहेर जाऊं देऊं नये, असा दंडकहि घातला आहे. हांक जाळ्यांतील प्रत्येक संगणकाकडे जाते. पण ठरलेल्या क्रमांकाच्या दाराशीं कान लावून बसलेला प्रोग्रॅमच तिला उत्तर देतो.

ही सोय निर्दोष मात्र नव्हे. १९८० सालच्या ज्या यूडीपी पद्धतीनें ही हांक सामान्यतः जाते, तींत पोंच मिळण्याची हमी नाहीं. शिवाय एकाच्या कामासाठीं साऱ्यांचा वेळ मोडतो. आयपीच्या सहाव्या आवृत्तींत तर सार्वत्रिक हांक न ठेवतां गटापुरतीच हांक ठेविली आहे. सर्वांत मोठें भय असें कीं, ‘तो मीच’ म्हणून एखादा तोतयाहि उत्तर देऊं शकतो, आणि गोपनीय कागद त्याच्या हातीं पडतात.

याकरितां दवंडी पत्ता विचारण्यापुरतीच असावी. उत्तर देणाराची ओळख पटवून घ्यावी, आणि मगच मजकूर सांकेतिक लिपीच्या बंद लखोट्यांत, त्याच्या एकट्याच्या नांवानें धाडावा.