मुलांच्या हाती कोणती कथा द्यावी?

भंडाऱ्याकडील दहा-अकरा वर्षांच्या मुलांस कोणत्या कथा द्याव्यात? साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली ‘श्यामची आई’ अवश्य द्यावी. मात्र ती रात्री-रात्रींत विभागलेली असल्याने घरात रोज एक रात्र मोठ्याने वाचावी. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ व भागवतांचा ‘फास्टर फेणे’ मुले आपणच संपवितील. तेथे वडिलांनी लुडबूड करू नये!

अडचण निराळीच आहे. यांत कोकण आहे, पुणे आहे. वैनगंगा, धानाच्या बांध्या, बोड्या नाहीत आणि झाडीबोली तर मुळीच नाही. आपली बोली छापलेली कधीच न पाहिलेले मूल तिला अशुद्ध समजू लागते, आजीसमोर ती बोलावयास लाजते. म्हणून आजीची एखादी गोष्ट तिच्याच शब्दांत मुलाकडून लिहवून घ्यावी, आणि ती वही ‘श्यामची आई’शेजारी फळीवर ठेवावी.