पवनचक्कीलाही हवी जनसुनावणी

धरण, खाण किंवा औष्णिक वीजकेंद्र येणार म्हटले की गावात लगेच प्रश्न निघतो, ‘जनसुनावणी कधी?’ पवनचक्क्या येणार असल्या, की हाच प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर मिळते, ‘इथे ती लागत नाही.’ उत्तर नियमाला धरून आहे. पण ते पुरेसे आहे का, एवढेच मला आज तपासायचे आहे.

प्रकल्पांच्या पर्यावरणीय परिणामांचे मूल्यांकन आपल्याकडे १९९४ च्या अधिसूचनेने बंधनकारक झाले. १९९७ मध्ये तीत जनसुनावणीची भर पडली. पुढे २००६ मध्ये नवी अधिसूचना आली. तिच्यानुसार अहवालाचा मसुदा आणि त्याचा स्थानिक भाषेतला सारांश लोकांना पाहायला मिळावा लागतो. हरकतींसाठी किमान ३० दिवस द्यावे लागतात. सुनावणीचे चित्रीकरण होते आणि लोक जे बोलले, त्याचा गोषवारा तिथेच त्यांच्या भाषेत वाचून दाखवावा लागतो. २५ मेगावॉट व त्यावरील जलविद्युत प्रकल्प या अधिसूचनेच्या यादीत आहेत. पवनऊर्जा आणि सौरऊर्जा यांचे प्रकल्प मात्र त्यात नाहीत.

या सवलतीमागचा विचार समजण्यासारखा आहे. वाऱ्याच्या विजेला धूर नाही, राख नाही. कोळसा कमी जाळायचा तर ही वीज हवीच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण धूर नाही म्हणजे परिणामच नाही, असे कसे म्हणता येईल? पवनचक्कीची लांबलचक पाती डोंगरमाथ्यावर न्यायची तर रुंद रस्ता लागतो, आणि रस्त्यासाठी डोंगर कापावा लागतो.

डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीने २०११ च्या अहवालात भीमाशंकर अभयारण्यालगतच्या पवनचक्क्यांचे उदाहरण दिले आहे. रस्त्यांसाठी झाडे गेली, दरडी कोसळल्या, राडारोडा शेतांत आणि जलाशयांत उतरला, असे समितीने नोंदवले. हे शेकरूचे समृद्ध जंगल आहे, इथे परवानगी देऊ नये, असे स्थानिक वनक्षेत्रपालांनी आधीच सुचवले होते. ते वरच्या पातळीवर मानले गेले नाही.

दुसरे उदाहरण साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी पठाराचे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मारिया ठाकर आणि सहकाऱ्यांनी तिथे अभ्यास करून २०१८ मध्ये निष्कर्ष मांडले. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी इतर भागाच्या जवळपास एक चतुर्थांश उरले होते आणि त्यांचे भक्ष्य असलेले सरडे वाढले होते. हे ज्ञान पवनचक्क्या उभ्या राहिल्यावर हाती आले. पठारावर रोज गुरे चारणाऱ्याला घार-ससाणे कुठे घिरट्या घालतात, पावसाचे पाणी कोणत्या बाजूने उतरते, हे ठाऊक असते. त्याला आधी विचारायला हवे.

‘सुनावण्या घेत बसलो तर प्रकल्प रखडतील,’ अशी भीती घातली जाते. पण जनसुनावणी म्हणजे मतदान नव्हे. तिथे हात वर करून प्रकल्प मंजूर किंवा नामंजूर होत नाही. तिथल्या हरकती नोंदवल्या जातात आणि त्यांचे उत्तर प्रकल्पवाल्यांना द्यावे लागते. नकाशावरचा रस्ता शंभर मीटर सरकवायला पेन्सिल पुरते. डोंगर कापल्यावर तो जोडता येत नाही.

धरणाइतकी लांबलचक प्रक्रिया मी मागत नाही. मोठ्या पवन आणि सौर प्रकल्पांसाठी खांब, रस्ते आणि वीजवाहिन्या दाखवणारा नकाशा मराठीत ग्रामपंचायतीत लागावा, ३० दिवसांनी गावातच सुनावणी व्हावी, आणि प्रत्येक हरकतीला लेखी उत्तर मिळावे, इतकेच.

तोवर आपण काय करू शकतो? ग्रामसभेत हा नकाशा मागा. परवानग्यांची कागदपत्रे माहितीच्या अधिकारात मिळवा. हरकत लेखी द्या आणि पोच घ्या. वारा सर्वांचा आहे. तो कुठे आणि कसा अडवायचा, हे ठरवताना त्या डोंगरावर राहणाऱ्यांचा आवाजही कागदावर आला पाहिजे.