डबा सोबत न्या
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापसाच्या भावावर सकाळी बोलून झालं. आता विषाबद्दल.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता वीसच्या वर माणसं दगावली, शेकडो दवाखान्यात पडली. त्यांनी विष प्यायलं नव्हतं. पऱ्हाटी डोक्याएवढी, हवा कोंदट, घामाने ओला सदरा आणि एकाच पंपात दोन-तीन औषधं. विष कातडीतून आणि श्वासातून आत गेलं. वर ऐकायला काय मिळालं? शेतकऱ्याने हातमोजे घातले नाहीत! सप्टेंबरच्या उकाड्यात रबरी कोट घालून दिवसभर पंप पाठीवर वागवून दाखवा, एवढंच आमचं त्या साहेबलोकांना सांगणं आहे. शेतकी कॉलेजात आम्ही हेक्टरी किती मिली ते शिकलो. अंगावर किती पडतं, हा धडा पुस्तकात नव्हता.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली विषं. नसेचा हुकूम स्नायूला पोचला की तो पुसून टाकणारं कोलिनेस्टरेज नावाचं द्रव्य शरीरात असतं. हे विष त्यालाच बांधून टाकतं. मग हुकूम थांबतच नाही. घाम आणि लाळ सुटते, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, स्नायू फडफडतात, छाती पाण्याने भरते. माणूस जातो तो श्वास कोंडून.

यावर अ‍ॅट्रोपिन चालतं. पण कसं द्यायचं यावर जीव अवलंबून असतो. बांगलादेशात चितगावच्या सरकारी दवाखान्यात १५६ रोग्यांवर याची तपासणी झाली, २०१२ साली ती छापून आली. जुन्या रीतीने ठरावीक इंजेक्शनं दिलेल्यांत शंभरात बावीस-तेवीस मेले. छाती मोकळी होईपर्यंत दर वेळी डोस वाढवत नेऊन मग सलाईनवाटे चालू ठेवलं, त्यांत आठ. औषध तेच, स्वस्तातलं. श्वास बंद पडला तर व्हेंटिलेटर लागतोच. पण त्याआधी लागतो तो खाटेजवळ बसून छाती तपासत राहणारा माणूस.

आणि विष कोणतं ते डॉक्टरला कळलं पाहिजे. डायफेन्थियुरॉनवर अ‍ॅट्रोपिन हा उतारा नाही, त्यावर उताराच नाही. म्हणून रिकामा डबा रोग्यासोबत न्या. आधी कपडे काढा, साबणाने अंग धुवा. मीठपाणी पाजून उलटी काढायच्या फंदात पडू नका.

श्रीलंकेने १९९५ साली मोनोक्रोटोफॉस बंद केलं, १९९८ ला एन्डोसल्फान. १९९५ ते २००५ या दहा वर्षांत तिथल्या आत्महत्या निम्म्यावर आल्या, आणि पीक घटलं नाही. आपल्याकडे मोनोक्रोटोफॉस २००५ ला भाजीपाल्यावर बंद झालं. कापसावर फवारणारा कोणाच्या हिशेबात नव्हता. ३६ टक्क्यांच्या त्या औषधावर बंदीचा हुकूम निघायला २०२३ उजाडलं.

तर मागणी अशी. फवारणीच्या हंगामाआधी तालुक्याच्या रुग्णालयात कोलिनेस्टरेजची रक्ततपासणी सुरू व्हावी, मजुरांची आधी. अ‍ॅट्रोपिनचा साठा किती, ते भिंतीवर लिहावं. निवेदन तयार आहे, त्यावर जेवणाआधी सह्या करा. प्रत्येक गावातून दोघांनी सोमवारी तहसीलवर यायचं आहे. त्यातला एक फवारणीचा मजूर हवा.