उंच आकाशांतील उलटणारे वारे

वऱ्हाडांत मृग नक्षत्र लागलें कीं मूर्तिजापुराकडील शेतकऱ्याचे डोळे आभाळाकडे लागतात. पूर्णेच्या खोऱ्यांतील हा खारपाण पट्टा. जमीन काळी व कसदार, पण भूगर्भांतील पाणी खारट; त्यामुळें विहिरीच्या ओलिताचा आधार थोडा आणि कपाशीची सारी भिस्त पावसावर. यंदा पाऊस कसा होईल, हा प्रश्न तेथें केवळ कुतूहलाचा नसून वर्षाच्या भाकरीचा आहे. या प्रश्नाचें उत्तर शोधतांना भारतीय हवामानशास्त्रज्ञांनीं एके काळीं जमिनीपासून सुमारें ३० किलोमीटर उंचीवरील वाऱ्याचीही साक्ष काढली होती. त्या वाऱ्याची हकीकत मोठी चमत्कारिक आहे.

१८८३ च्या ऑगस्ट महिन्यांत क्राकाटोआ ज्वालामुखीचा स्फोट झाला. त्याची धूळ विषुववृत्तावरून पश्चिमेकडे वाहत गेली व सुमारें दोन आठवड्यांत तिनें पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. यावरून त्या उंचीवर पूर्वेकडून येणारा अखंड वारा वाहतो, असें अनुमान निघालें. पुढें १९०८ सालीं बेर्सन या जर्मन शास्त्रज्ञानें पूर्व आफ्रिकेंत संशोधनाचे फुगे सोडले, तों वारा पश्चिमेकडून येत असल्याचें आढळलें! दोन्ही साक्षी खऱ्या होत्या. म्हणून विषुववृत्ताच्या माथ्यावर असे दोन निरनिराळे वारे आहेत, अशी समजूत पुष्कळ वर्षें चालली. १९६० च्या सुमारास अमेरिकेंत रीड व इंग्लंडांत एब्डन यांनीं स्वतंत्रपणें या कोड्याचा उलगडा केला. वारा एकच, तो कांहीं काळ पूर्वेकडून व कांहीं काळ पश्चिमेकडून वाहतो, आणि असा एक फेरा पुरा होण्यास सरासरी २८ महिने लागतात.

याहूनही नवलाची गोष्ट अशी कीं, नवा वारा प्रथम अति उंचावर उमटतो आणि महिन्यास सुमारें एक किलोमीटर या चालीनें खालीं उतरतो. सोळा-सतरा किलोमीटरांच्या उंचीजवळ येतांच तो मावळतो. तोंवर त्याच्या माथ्यावर उलट दिशेचा वारा सज्ज झालेला असतो. ऋतूंचें चक्र १२ महिन्यांचें. सूर्याच्या कोणत्याही गतीशीं न जुळणारा हा २८ महिन्यांचा ताल आला कोठून?

त्याचें उत्तर वर नसून खालीं, ढगांत आहे. तळ्यांत दगड पडला कीं पाणी खालींवर होतें व लाटा पसरतात. त्याचप्रमाणें गडगडणारा मेघ उफाळून वरच्या स्थिर हवेवर आदळला कीं ती हवा हेलकावे घेऊं लागते. मूर्तिजापुरावरच्या वळिवाच्या ढगांतूनही अशा लहरी निघतात. विषुववृत्तावरील विराट मेघसमूह तर हजारो किलोमीटर रुंदीच्या लहरी उठवितात. वर जावें तों हवा विरळ होत जाते, आणि खालीं नगण्य वाटणारी लहर तेथें बळावते. प्रत्येक लहर आपल्याबरोबर गतीचा जोर, म्हणजे शास्त्रीय भाषेंत संवेग, वाहून नेत असते. कांहीं लहरी पूर्वेकडे जाणाऱ्या, कांहीं पश्चिमेकडे.

आतां पूर्वेकडे जाणारी लहर वर चढतांना तिच्याच दिशेनें व तिच्याच वेगानें वाहणाऱ्या वाऱ्याला भेटली, तर ती तेथें विरते आणि आपला संवेग त्या वाऱ्यास देऊन जाते. हें दान वाऱ्याच्या थराला खालच्या कडेशीं मिळतें. म्हणून तो थर खालीं खालीं सरकतो. उलट दिशेच्या लहरींना मात्र हा वारा अडवीत नाहीं. त्या त्यांतून पार होऊन वर जातात आणि तेथें उलट वाऱ्याचें बी पेरतात. लिंड्झेन व होल्टन यांनीं १९६८ सालीं हा विचार मांडला. १९७८ सालीं प्लंब व मॅकइवन यांनीं वलयाकार पात्रांत खारें पाणी भरून एक लवचीक पडदा नुसता खालींवर हलविला. तेव्हां तें पाणी आधीं एका दिशेनें व मग दुसऱ्या दिशेनें आपोआप फिरूं लागलें. दिशाहीन हेलकाव्यांतून दिशा असलेला प्रवाह कसा जन्मतो, हें त्या प्रयोगांत डोळ्यांना दिसलें.

इतका नियमित वारा पावसाच्या अंदाजास उपयोगी पडावा, अशी आशा स्वाभाविक होती. डॉ. वसंत गोवारीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सोळा खुणांवरून मोसमी पावसाचा अंदाज करण्याची पद्धत सिद्ध केली आणि १९८८ पासून हवामान खातें ती वापरूं लागलें. त्या सोळांत हा उंचावरचा वाराही होता. कित्येक वर्षें अंदाज ढोबळ मानानें जमले. परंतु २००२ सालीं अंदाज सर्वसाधारण पावसाचा असतां देशांत पाऊस सरासरीहून १९ टक्के कमी पडला. जुलै महिना तर जवळजवळ निम्मा कोरडा गेला. कांहीं खुणांचा पावसाशीं असलेला संबंध काळाच्या ओघांत क्षीण झाला होता. २००३ सालीं खात्यानें पद्धत बदलली.

वाऱ्याच्या नियमितपणासही पुढें धक्का बसला. १९५३ पासूनच्या अखंड नोंदींत जें कधीं घडलें नव्हतें तें २०१६ च्या आरंभीं घडलें: सुमारें २३ किलोमीटर उंचीवर पश्चिमेच्या वाऱ्याच्या पोटांतच पूर्वेचा वारा उद्भवला. उत्तर गोलार्धाच्या समशीतोष्ण पट्ट्यांतून आलेल्या मोठ्या लहरींनीं हा व्यत्यय आणला होता. २०१९-२० मध्यें तसेंच पुन्हां घडलें. ज्या लहरींनीं हें चक्र फिरतें, त्याच जातीच्या शक्ति तें मोडूंही शकतात.

यांतून एक विवेक शिकण्यासारखा आहे. खालचा ढग वरच्या वाऱ्यास कसा घडवितो, हें शास्त्रास बरेंच उमगलें आहे. पण वरच्या वाऱ्यावरून मूर्तिजापुरच्या शेतांतील पाऊस सांगणें ही निराळी गोष्ट आहे. हा फेरा विषुववृत्तावर सर्वांत प्रबळ. वऱ्हाडच्या अक्षांशापर्यंत येतां येतां तो फिका पडतो. दोन गोष्टी बरोबर चालतात, एवढ्यावरून एक दुसरीची सांगाती ठरत नाहीं. मधला दुवा हातीं यावा लागतो. नागपूरच्या वेधशाळेंतून आकाशांत जाणारे फुगे याच दुव्याची सामग्री गोळा करीत आहेत. तोंवर सुज्ञ माणसानें पावसाचा अंदाज संभव म्हणून ऐकावा, वचन म्हणून नव्हे. आणि पेरणीची घाई मात्र जमिनींत पुरेशी ओल पाहूनच करावी.